घेरवडीचं न लागणारं दार

आमच्या घेरवडीचं प्रसूतिगृह बंद झालं. सरकारी आदेशानं, रीतसर, गोल शिक्क्यासकट. आदेशाची प्रत ग्रामपंचायतीच्या भिंतीला डकवली होती. ती पुढं वाळवीनं खाल्ली, पण बंद झालं ते झालंच.

आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. आम्ही गेली वीसेक वर्षं तसंच समजून चाललो आहोत आणि आमचं काही अडलेलं नाही. माझा धाकटा मुलगा त्याच बंद प्रसूतिगृहात जन्मला. गेल्या शिमग्यात तिथं जुळं झालं.

तर, देवळाच्या मंडपात गाव जमलं होतं. सरपंच रंगराव पत्र वाचत होते. पत्राचा मतलब असा की तुमच्या प्रसूतिगृहाचा वापर होत नाही, दोन महिन्यांनी साहेब पाहणीला येतील, आणि येताना कुलूप घेऊन येतील. मार्था लोखंडे सिस्टर खांबाला टेकून उभ्या होत्या. मिरजेकडच्या. बारा वर्षं आमच्याकडं काढली, त्यात घाटापलीकडं बदली दोनदा आली आणि दोनदा त्यांनी ती परत पाठवली. रंगरावांनी त्यांना विचारलं, की बाई, हे खरं आहे का.

"खरं आहे," मार्थाबाई म्हणाल्या. "सहा खाटा आहेत. ह्या वर्षी तिथं सगळ्यात जास्त वेळा बाळंत झाली ती मांजर. तिची नोंद करता येत नाही."

प्रसूतिगृह आमच्या गावानंच बांधलेलं. सरकारनं फक्त पाटी आणि सिस्टर दिली. त्याआधी अडलेल्या बाईला नळीच्या घाटानं खाली तालुक्याला न्यायचे, आणि घाट असा की निम्म्या बायका वाटेतच मोकळ्या व्हायच्या. मी स्वतः एसटीत जन्मलो. आई सांगते, कंडक्टरनं टोपी काढून डोकं खाजवलं, पेटीतनं अर्ध्या तिकिटाचं बुक काढलं आणि परत आत ठेवलं. एवढ्या लहान मुलाला तिकीट पडत नाही, हे त्याला नियमानं आठवलं. त्या उपकाराची फेड म्हणून मी मोठा झाल्यावर जुनी जीप घेतली आणि घाटातून माणसं वर-खाली करायचा वडापचा धंदा सुरू केला. एसटीचे निम्मे प्रवासी माझ्याकडं आले.

माझ्या त्या जन्मानंतर गावाच्या बायका हटून बसल्या. प्रत्येक घरानं दगड दिला, प्रत्येक वाडीनं हात दिले, आणि देवळामागं प्रसूतिगृह उभं राहिलं. चांगलं चाललंही. मग हळूहळू रिकामं पडलं. त्याला कारण होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हा आमच्याकडचा कायदा. त्यामुळं गावातल्या सुना घाट उतरून माहेरी जायच्या. त्या बदल्यात गावाच्या लेकी घाट चढून इकडं यायला हव्या होत्या, पण त्यांच्या सासरची माणसं म्हणायची, त्या डोंगरात कुठं पाठवायची. जाणाऱ्या जात होत्या, येणाऱ्या येत नव्हत्या. मधे मांजर सुखात होतं.

सभेत यावर पुष्कळ चर्चा झाली. कुणी मोर्चा म्हणालं, कुणी उपोषण म्हणालं. उपोषणाला कोण बसणार म्हटल्यावर सगळे चपलांकडं बघायला लागले. मी मागं बसलो होतो. कंटाळा आला की माझ्या तोंडाला आवर राहत नाही.

"सुना म्हायेरी जात्यात हीच बोंब असंल," मी म्हणालो, "तर म्हायेरंच उचलून हिकडं आणा की."

कुणी हसलं नाही. आमच्या गावात विनोदाला हसत नाहीत, त्याला अनुमोदन देतात. रंगरावांनी चष्मा वर केला, विचार केला, आणि ठराव सांगितला. सूचक, हिंदुराव. अनुमोदक, सर्व ग्रामस्थ.

"आणि तुझी बायकू कितव्या म्हयन्यात हाय रं?" त्यांनी विचारलं.

वैजंताला सातवा सरून आठवा लागला होता. पहिलंच. गावाचे सगळे चेहरे एकदम माझ्याकडं वळले. त्याच चेहऱ्यांनी ग्रामदैवताच्या जत्रेत बोकडाकडं बघितलेलं मला आठवलं.

घरी येऊन वैजंताला सांगितलं. ती शेंगा भाजत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला इचारलं का कुणी?"

"आता इचारतोय."

"मला मार्थाबाई पायजेत. त्यांचा हात मी शेजारच्या शेवंताच्या येळंला बघितलाय." तिनं कढईत उलथनं फिरवलं. "आन मला आई पायजे. दोगी एका जाग्याला आणा. ते कसं, ते तुमचं तुमी बगा."

एवढं सोपं करून तिनं मला वाटेला लावलं.

माझ्या सासूबाई, हौसाबाई, सपाटीवरच्या नागठाणेवाडीच्या. चहूकडं ऊस, मधे विटांचं घर. त्या एकदा बोलल्या की पाच गावांत तो विषय संपायचा. बाकीच्या सुनांची माहेरं काय करायचं ते ठरवायला हौसाबाईंच्या निकालाची वाट बघत होती. त्या हो म्हणाल्या तर बाकीच्या येणार होत्या. नाही म्हणाल्या तर कुलूप.

अडचण अशी की आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली तरी हौसाबाईंनी घेरवडीत पाऊल टाकलेलं नव्हतं. लग्न त्यांच्याच दारात झालं. नंतर सणाला, आजारपणाला, कशालाच त्या वर आल्या नाहीत. बोलावलं की काहीतरी निघायचं. म्हैस व्यायला झाली, गुऱ्हाळ लागलं, पाय दुखतोय. आमची आई म्हणायची, इनबाई आपल्याला डोंगरातली माकडं समजते. मी म्हणायचो, त्यात समजण्यासारखं काय आहे.

आईला घेऊन मी गेलो. हौसाबाई ओसरीवर भुईमूग निवडत होत्या. आईनं सगळं नीट सांगितलं. मार्थाबाई कशा, खाटा कशा, गावावर काय आलंय. हौसाबाईंनी मान वर न करता ऐकलं.

"माज्या लेकीचं बाळातपण माज्या उंबऱ्याच्या आत हुईल," त्या म्हणाल्या. "भाईर न्हाय."

"अवो पन इनबाई, तिथं तुमी असालच की संगं."

"मी वर येनार न्हाय."

एवढं बोलून त्या शेंगा फोडायला लागल्या. मग त्यांनी एक विचित्र प्रश्न विचारला. "तुमच्या त्या दवाखान्यातनं घाट दिसतो का?"

आई गोंधळली. "न्हाय बा. देवळाच्या मागं हाय. नुस्ता डोंगर दिसतो."

हौसाबाईंनी सूप जवळ ओढलं. मला वाटलं, बाईला घाट बघायचा शौक दिसतोय, आणि दिसत नाही म्हटल्यावर आमचा आणखी एक गुण गेला. आता काही होत नाही हे कळल्यावर माणूस मोकळा होतो. उठता उठता मी म्हणालो, "मंग उंबराच घिऊन या की वर. त्येच्या आत करू बाळातपण."

बाजारात मापात मारणाऱ्याकडं जसं बघतात तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. आईनं मला परतीच्या वाटेवर घाट संपेपर्यंत बोल लावले. सासूशी चेष्टा करणारा जावई तिनं सात पिढ्यांत ऐकला नव्हता.

पुढच्या पंधरवड्यात दूध डेअरीच्या फोनवर निरोप आला. डेअरीवाल्यानं तो पाठ करून येऊन सांगितला. "जीप रिकामी घिऊन या. सुताराला सांगून ठिवा."

मी खाली गेलो तर हौसाबाईंच्या घराला उंबरा नव्हता.

दाराच्या जागी दार होतं, चौकट होती, आणि खाली नुसती मोकळी खाच. उंबरा अंगणात गोणपाटावर ठेवला होता. बाभळीचा, गुळगुळीत झालेला, मधोमध घोड्याचा नाल, आणि वर्षानुवर्षांच्या हळदीकुंकवाचा थर. माझा मेहुणा सर्जेराव घरातून बाहेर आला, खाचेपाशी सवयीनं पाय उंच उचलला आणि हवेतच अडखळला. मागोमाग त्याचं पोरगं आलं, त्यानंही पाय उचलला. आठ दिवस सगळं घर नसलेला उंबरा ओलांडत होतं.

"आईला सांगून बगितलं," सर्जेराव माझ्या कानाशी म्हणाला. "म्हनली, म्या शबूद दिलाय चारचौघांत. दाजी, असलं बोलताना जरा इचार करत जावा."

उंबरा जीपमध्ये मावत नव्हता. शेवटी गिअरपासून मागच्या फळीपर्यंत लांबच्या लांब घातला. हौसाबाई शेजारी बसल्या, एक हात उंबऱ्यावर. सपाटीवर त्या उसाविषयी बोलत होत्या. घाटाचं पहिलं वळण आलं आणि त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, गाडी लागत असेल.

निम्म्यावर पाण्याचं वळण आहे. कड्यातून बारमाही झरा येतो, तिथं प्रत्येक गाडी थांबते, रेडिएटरला पाणी घालते. मी गिअर खाली घेतला.

"थांबू नका," हौसाबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

"इंजिन तापलंया, आत्या."

"तापू द्या."

आवाजच असा होता की मी थांबलो नाही. वर पोचलो तेव्हा जीपमधून एवढी वाफ निघत होती की गावाला वाटलं, हिंदुराव सासूला घेऊन ढगातनंच आला.

गणपा सुतार वाट बघत होता. उंबरा कुठं बसवायचा यावर पहिली खडाजंगी झाली. हौसाबाईंना तो खाटेपाशी हवा होता. मार्थाबाई म्हणाल्या, बाळंतीण-खोलीत बाहेरचं लाकूड येणार नाही, त्यावर शेण आहे, कुंकू आहे, अजून काय काय आहे. शेवटी मार्थाबाईंनीच तोडगा काढला. उंबरा इमारतीच्या बाहेरच्या दाराला बसवायचा.

"म्हणजे आतलं सगळंच तुमचं माहेर," त्या म्हणाल्या. "माझ्यासकट."

हौसाबाईंनी ह्यावर थोडा विचार केला आणि ते मान्य केलं. गणपानं चुन्यात उंबरा बसवला. मार्थाबाईंनी तो डेटॉलनं पुसला. हौसाबाईंनी त्यावर हळदीकुंकू वाहिलं. संध्याकाळी मार्थाबाईंनी पुन्हा पुसला, सकाळी हौसाबाईंनी पुन्हा वाहिलं. हे रोज चाललं. दोघी एकमेकींना एका शब्दानं बोलल्या नाहीत, पण आठवड्यात असं झालं की डेटॉलची बाटली हौसाबाई आणून द्यायच्या आणि कुंकवाचा करंडा मार्थाबाई.

आतलं सगळं माहेर झाल्यामुळं भानगडी उभ्या राहिल्या. मी वैजंताचा नवरा. दारात गेलो की हौसाबाई पायावर पाणी घालायच्या आणि टॉवेल-टोपी द्यायच्या. दिवसातून तीनदा गेलो तर तीनदा. आमची आई स्वतःच्या गावच्या दवाखान्यात विहीण म्हणून पाहुणी झाली, तिला पाटावर बसवून चहा. सरपंच आले तर ते मुलाकडचे धरायचे की मुलीकडचे, यावर वाद झाला. रंगराव म्हणाले, मी दोन्हीकडचा, आणि दोनदा चहा प्यायले.

हे बघून बाकीची माहेरं सरसावली. आधी शेवंताच्या जावेची आई आली, डोक्यावर उंबरा घेऊन. मग घाटाखालून बैलगाडीत एक आला, मग एकजण एसटीच्या टपावर टाकून घेऊन आला. कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडलं. दवाखान्याच्या अंगणात उंबऱ्यांची रास लागली. दार तर एकच. गणपा सुतारानं दोन दिवस बिड्या ओढत विचार केला आणि निकाल दिला. अख्खा उंबरा आणू नका. माहेरच्या उंबऱ्याचा वीतभर तुकडा आणा, मी तो हौसाबाईंच्या उंबऱ्यावर खिळ्यानं ठोकतो. वीतभर असला तरी उंबरा तो उंबरा.

सगळ्यांना पटलं. उंबऱ्यावर तुकडे चढायला लागले. साग, जांभूळ, आंबा, एक तर चक्क सिमेंटचा. एके सकाळी बघितलं तर एक नवा तुकडा लागला होता, कुठल्या तरी काळ्या पॉलिशच्या लाकडाचा. कुणाचा विचारलं तर गणपा म्हणाला, मिरजेचा. मार्थाबाई खिडकीत सलाइनच्या बाटल्या मोजत होत्या.

गावानं आपली बाजू सांभाळली. नळाला पाणी नव्हतं म्हणून एकेका वाडीनं एकेक वार घेतला. कुठली वाडी कुठल्या वारी कळशा भरते हे पोरांनाही पाठ झालं. बाळंतिणींच्या दुधाला रंगरावांची म्हैस लागली. जळण धनगरवाड्यावरून यायचं. पावसात गळणारी कौलं माझ्याच वयाच्या चौघांनी काढून परत बसवली, आणि त्या चौघांतला एकही बाप होणार नव्हता. दोघांची तर लग्नंच व्हायची होती. मांजर रुसून देवळात राहायला गेलं.

वैजंताचे दिवस भरले. सकाळपासून कळा सुरू होत्या आणि ऊन कलायला लागलं तरी काही होईना. मी अंगणात. हौसाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या. मार्थाबाई हात पुसत बाहेर आल्या तेव्हा हौसाबाईंचा आवाज मी पहिल्यांदा बारीक झालेला ऐकला.

"खाली न्यायला लागंल का वो, बाई?"

"नाही."

"खरं सांगा. घाटानं न्यायला लागंल का?"

मार्थाबाई त्यांच्याजवळ गेल्या. "हौसाबाई, न्यायची वेळ आली तर ती मी उशिरा सांगणार नाही. आधी सांगेन. वेळ आलेली नाही. तुम्ही आत या आणि तिचं डोकं धरा."

हौसाबाई आत गेल्या. मी रेडिएटरचं झाकण उघडून बघितलं, बंद केलं, परत उघडलं. मग आतून ओरडण्याचा आवाज आला. तो वैजंताचा नव्हता, एवढं मला कळलं. मुलगी होती. हौसाबाई दारात आल्या, माझ्या पायावर पाणी घातलं आणि टॉवेल द्यायच्या ऐवजी तोच टॉवेल डोळ्यांना लावून पुन्हा आत गेल्या.

साहेब आले ते मुलीचं बारसं व्हायच्या आधी. बरोबर एक शिपाई आणि पितळेचं मोठं कुलूप. साहेब भले गृहस्थ होते, घाटात गाडी लागल्यामुळं थोडे पांढरे पडलेले. दारात त्यांच्या पायावर पाणी पडलं. मग हौसाबाईंनी गूळपाणी दिलं. साहेबांनी ते घेतलं, कारण त्यांना खरंच बरं वाटत नव्हतं.

आत सगळ्या खाटा भरलेल्या. पाच बाळं रडत होती, सहावं यायचं होतं. साहेबांनी सगळं पाहिलं, मार्थाबाईंचं कौतुक केलं आणि कुलूप हातात घेतलं.

"वापर फार चांगला आहे," ते म्हणाले. "पण बंद करण्याचा निर्णय झालेला आहे. मी पाहणी करायला आलो होतो. निर्णय पाहणीच्या आधीच झाला, त्याला माझा इलाज नाही. आज दार लावून सील करायचं. बायकांना खाली हलवायला गाडी मागवतो."

अंगणात सगळं गाव उभं होतं. कुणी घोषणा दिली नाही. साहेबांनी शिपायाला खूण केली. शिपायानं दार ओढलं. दार आलं आणि उंबऱ्याला ठेचून थांबलं. त्यानं जोर लावला. एवढी माहेरं एकावर एक ठोकलेली, दार कुठलं लागतंय. कडी आणि कोयंडा यांच्यामध्ये साताठ बोटांचं अंतर राहिलं.

"हे काय आहे?" साहेबांनी खाली वाकून विचारलं.

"उंबरा," गणपा म्हणाला.

"कुणाचा?"

गणपानं तुकड्यांवर बोट ठेवत गावांची नावं सांगायला सुरुवात केली. साहेबांनी हातानं थांबवलं आणि पहार मागितली. गणपा म्हणाला, पहार धनगरवाड्यावर गेलीय. ती त्याच्या पायाशी पडली होती. साहेबांनी ती बघितली, आणि बघितली नाही असं केलं. मग ते हौसाबाईंकडं वळले. घर कुणाचं आहे हे त्यांना तोवर कळलं होतं.

"बाई, हे लाकूड काढून घ्या."

"काडते की," हौसाबाई म्हणाल्या. "म्या घातलाय, म्याच काडंन. आदी तुमी येवडं सांगा सायेब. ह्यो काडल्यावर ह्या पोरीस्नी कुनाच्या उंबऱ्याच्या आत ठिऊ?"

आवाज चढलेला नव्हता. त्या खरोखरच विचारत होत्या. आत एक बाळ रडायचं थांबलं, तेवढंही ऐकू आलं. मग साहेबांनी मार्थाबाईंना जडवस्तूंची, म्हणजे सरकारी सामानाची, नोंदवही आणायला सांगितली, आणि उंबरा त्यात आहे का ते पाहिलं. नव्हता. साहेबांचा चेहरा एकदम उजळला. जी वस्तू सरकारची नाही ती सरकारी माणसाला हलवता येत नाही. ती हलवल्याशिवाय दार लागत नाही. दार लागल्याशिवाय कुलूप घालता येत नाही. त्यांनी तिथंच उभ्या उभ्या शेरा लिहिला आणि आम्हाला वाचून दाखवला. प्रसूतिगृह आजपासून बंद. दार नादुरुस्त असल्यानं सील करता आलं नाही. बांधकाम खात्याकडून दार दुरुस्त होईपर्यंत ताबा सिस्टरकडं.

"बांधकाम खात्याला पत्र जाईल," ते म्हणाले.

ते पत्र गेलं असेलही. जाताना साहेबांनी पाय उंच उचलला आणि उंबऱ्यावर न देता तो ओलांडला. कुलूप मात्र विसरले. त्या कुलपानं मार्थाबाई औषधांचं कपाट बंद करायच्या.

बारसं झालं. मुलीचं नाव घाटाच्या देवीवरून यमाई ठेवलं. हौसाबाईंना खाली सोडायला मी जीप काढली. उंबरा काढून न्यायचा का, असं गणपानं विचारलं. त्या म्हणाल्या, राहू द्या, आता घरात सगळ्यांना सवय झालीया.

घाट उतरताना त्यांचे डोळे उघडे होते. पाण्याच्या वळणावर त्या म्हणाल्या, "थांबा."

मी थांबलो. त्या उतरल्या, झऱ्याच्या पलीकडं कठड्यापाशी गेल्या आणि हातानं दगड चाचपत चालत राहिल्या. एका दगडापाशी थांबल्या. कमरेचा करंडा काढला, दगडाला हळदकुंकू लावलं.

"ह्यो म्या रचलाय," त्या म्हणाल्या.

मला कळेना. "कठडा?"

"भात्तर सालच्या दुष्काळात. सगळी मान्सं हितंच कामावर हुती, आमी बी. म्या खडी फोडत हुते. पोटूशी हुते, पैल्यांदाच." त्यांनी करंड्याचं झाकण लावलं. "हितंच झालं. पोरगं हुतं. रडलं बी."

मी कठड्यापाशी खाली बसलो.

"समदी म्हनली, खाली न्या, खाली दवाखाना हाय. पर न्हेनार कशानं? रस्ता कुठं हुता. रस्ताच तर करत हुतो आमी." त्यांनी दगडावरची माती पदरानं पुसली. "सांजंपतूर गेलं. ह्येच्या मागं ठिवलंया. दुसऱ्या दिशी ह्यो दगड म्या रचला. मुकादम म्हनला हुता बस म्हनून. म्या म्हनलं, न्हाय, ह्यो मलाच रचू द्या."

खालून एसटी हॉर्न देत आली आणि आम्हाला वळसा घालून वर गेली. हौसाबाईंनी तिच्याकडं ती वळणाआड होईपर्यंत बघितलं. त्याच रस्त्यानं, तसल्याच एका एसटीत मी जन्मलो होतो, हे त्यांना माहीत होतं. आमच्या आईनं पाहुणचार घेता घेता सांगितलं होतं.

"तुमी ह्याच रस्त्यानं वाचलासा म्हनं," त्या म्हणाल्या. "बरं झालं."

मला एरवी कशावरही काहीतरी सुचतं. मी झऱ्यावरून डबा भरून आणला आणि रेडिएटरमध्ये ओतला. ते भरलेलंच होतं. सगळं पाणी माझ्या पायावर आलं. हौसाबाईंनी ते बघितलं, आणि जीपमध्ये बसल्यावर पिशवीतून टॉवेल-टोपी काढून माझ्या हातात दिली.

त्यानंतर त्या दर बाळंतपणाला वर आल्या, कुणाचंही असो. सात-आठ वर्षांपूर्वी गेल्या. सर्जेरावांच्या घराला अजून उंबरा नाही आणि अजून सगळे पाय उचलतात.

सबब, मा. साहेबांच्या सेवेशी विनंती अर्ज करतो की, मौजे घेरवडी येथील प्रसूतिगृह आदेशान्वये बंद असून दार अद्याप दुरुस्त नाही, याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र नळीच्या घाटात, पाण्याच्या वळणावरील कठड्याच्या आतील बाजूस, दुष्काळाच्या साली एक मुलगा जन्मला, त्याची नोंद कुठंही आढळत नाही. तरी त्यास जन्माचा दाखला मिळावा. आईचं नाव हौसाबाई. जन्मस्थळाच्या रकान्यात वळण लिहावं. मुलाचं नाव ठेवायला वेळ झाला नाही, तो रकाना कोरा सोडावा. दाखला नेण्यासाठी कुणी येऊ शकत नसल्यानं तो पोस्टानं पाठवावा. पत्ता: माहेर, प्रसूतिगृह, घेरवडी. दार उघडं आहे.